‘सारखा’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

मराठीत एका ‘सारखा’वर आपलं भागतं. इंग्रजीत त्याची अर्धा डझन रूपं निघतात, आणि दादरच्या फलाटावर खपणारं ‘सेम टू सेम’ मुलाखतीत खपत नाही. म्हणून इंग्रजी शब्द शोधण्याआधी आपलंच मराठी वाक्य तपासा.

१. ‘म्हणून’ बसतं का? ‘ती केईएममध्ये नर्स म्हणून काम करते’ : ‘शी वर्क्स ॲज अ नर्स’. शेजारच्या काकू सासूची नर्ससारखी काळजी घेतात. तिथे ‘लाइक अ नर्स’. बायोडेटात ‘आय वर्क्ड लाइक अ मॅनेजर’ लिहिलंत, तर तुम्ही मॅनेजर नव्हतातच असा अर्थ निघतो!

२. ‘जसं-तसं’ असेल, म्हणजे पुढे कर्ता-क्रियापद येत असेल, तर लेखी इंग्रजीत ‘ॲज’ : ‘डू ॲज आय से’. बोलताना इंग्रजही तिथे ‘लाइक’ म्हणतात. अर्जात मात्र टाळा.

३. माणसांची तुलना. चेहरा जुळत असेल तर ‘लुक लाइक’ किंवा ‘रिझेम्बल’. ‘रिझेम्बल’पुढे ‘टू’ लावायची आपल्याला भारी सवय; ‘शी रिझेम्बल्स हर मदर’ एवढंच पुरे. ‘नात आजीवर गेलीय’ याला इंग्रजीत चपखल जोड आहे : ‘शी टेक्स आफ्टर हर ग्रँडमदर’. हे घरातल्या थोरांबद्दलच, मैत्रिणीवर कोणी जात नाही.

४. नामाआधी ‘अलाइक’ नको. ‘द ट्विन्स लुक अलाइक’ चालेल, ‘अलाइक ट्विन्स’ नाही.

५. किती सारखं? लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनचा फोटो पाहून ‘अरे, ही तर आपली व्हीटी!’ वाटतं. दोन्ही इमारती व्हिक्टोरियन गॉथिक, पण घुमट आपल्याच स्टेशनला. तेव्हा ‘सिमिलर टू’. ‘द सेम ॲज’ तंतोतंत एकच असेल तेव्हा, आणि ‘सेम लाइक’ कधीच नाही.

६. सगळ्यात गोंधळ स्थळ बघताना. ‘मुलगा कसा आहे?’ याची इंग्रजीत तीन वाक्यं होतात. ‘हाऊ इज ही?’ म्हणजे बहुधा तब्येतीची चौकशी. ‘व्हॉट डझ ही लुक लाइक?’ म्हणजे दिसायला कसा. स्वभाव विचारायचा असेल तर ‘व्हॉट इज ही लाइक?’ या ‘लाइक’चा आवडीशी संबंध नाही, मुलाला काय आवडतं ते ‘व्हॉट डझ ही लाइक?’ अमेरिकेतल्या मावसबहिणीला मेसेज करताना ‘इज’ की ‘डझ’ तेवढं बघा, नाहीतर स्वभावाऐवजी पावभाजी-बिर्याणीची यादी येईल.