नवख्या रीफ टँकला दिवा कुठला घ्यावा?

म्हापशाला माझ्या हॉलमधला दोन फुटी रीफ टँक, म्हणजे जिवंत प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी, बघायला येणारा प्रत्येकजण आधी वॉट विचारतो. वॉट सोडा, दिव्याचा ‘पार’ (PAR) विचारा: प्रवाळ जिथे बसतं तिथे उपयोगी प्रकाश किती पोचतो, त्याचं ते माप. मशरूम, झोअँथिड या मऊ, सोप्या प्रवाळांना 50 ते 150 पार पुरे. अ‍ॅक्रोपोरा या फांद्यांच्या कठीण प्रवाळाला 250 तरी हवा. त्याच्या नादाला एवढ्यात लागूच नका. (गोव्याच्या ग्रांद बेटाजवळचा प्रवाळाचा तुकडा तोडून आणायचा बेत असेल तर तोही सोडा, 1972च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.)

दिवा एलईडीच घ्या. मेटल हॅलाइड हा जुन्या धर्तीचा दिवा पाणी तापवतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात ते काम ऊन फुकटात करतं. निळा नि पांढरा प्रकाश (चॅनल) वेगवेगळा कमी-जास्त करता यायला हवा. प्रवाळातली सूक्ष्म शैवालं निळा प्रकाश चांगला वापरतात. दुकानात दिवा उलटा करून बघा. पंख्याची जाळी उघडून पुसता येते का? मिठाचा पांढरा, खरखरीत थर तिथेच धरतो, पावसाळ्याच्या दमटपणात तो ओला होऊन धातू खातो.

सुरुवात दिव्याच्या 30 टक्के प्रकाशावर, रोज आठ तास. मग दर आठवड्याला थोडं वाढवा. प्रवाळ फिकट पडू लागलं तर मागे या, लांबुडकं होऊन वर ताणलं तर प्रकाश वाढवा. वीज गेली तर इन्व्हर्टर पंपाला द्या, दिवा राहू दे बंद.