भातुकलीचा पसारा कमी कसा करायचा आणि हौस परत कशी आणायची

भातुकली जमवणाऱ्यांना हे माहितीच असेल, सुरुवातीला आजीची चूल आणि दहा-बारा भांडी असतात, मग नाशिकला गेलो की भांडी बाजारातून दोन पितळी पातेली येतात, सावंतवाडीच्या चितारआळीतून लाकडी सेट येतो, एखादी मावशी माळा आवरताना पिशवीभर आणून देते आणि बघता बघता तीन काचेची कपाटं भरतात. माझ्याकडे मोजून 412 वस्तू झाल्या होत्या. पण गेली दोन वर्षं मी कपाट उघडलंच नव्हतं, उघडलं की पुसायचं कामच डोळ्यांपुढे यायचं. या वर्षी त्यातल्या तीनशेच्या वर देऊन टाकल्या आणि आता रोज काही ना काही हातात घेतलं जातं. कसं केलं ते सांगते, तुमचाही जीव असाच अडकला असेल तर उपयोग होईल.

आधी सगळं खाली काढा

म्हणजे खरंच सगळं, जुन्या चादरीवर, एकाच वेळी. कपाटात बघून ठरवायला गेलात तर काहीच हलणार नाही. आणि लावताना धातूप्रमाणे लावू नका (पितळ एकीकडे, तांबं एकीकडे, जर्मल म्हणजे अॅल्युमिनियम एकीकडे, मीही वर्षानुवर्षं असंच लावायचे), कामाप्रमाणे लावा. चुलीपुढचं, पाण्याचं, दूधदुभत्याचं, दळणकांडणाचं, देवघरातलं, पानसुपारीचं. असं लावलं की लगेच दिसतं काय झालंय ते. माझ्याकडे पातेली निघाली 37 आणि रवी एकच! सदतीस पातेल्यांमधली मला आवडणारी कुठली असं स्वतःला विचारलं तर चार सांगता आली, बाकीची नुसती आली म्हणून ठेवलेली.

एकच धागा धरा

काय द्यायचं यावर डोकं लावत बसू नका, काय ठेवायचं ते ठरवा, बाकीचं आपोआप सुटतं. मी चादरीपाशी बसून एकेक वस्तू हातात घेतली, तेव्हा लक्षात आलं की मी सगळ्यात जास्त वेळ रमले ती जातं, उखळ-मुसळ, पाटा-वरवंटा, खलबत्ता, सोऱ्या, पुरणयंत्र, रवी यांच्यात, म्हणजे ज्यात काहीतरी दळतं, फिरतं, घुसळतं. मग तोच धागा धरला, दळण-कांडण-घुसळण. तुमचा वेगळा असेल, कुणाला फक्त देवघर, कुणाला फक्त पाणी तापवायची-भरायची भांडी, कुणाला फक्त लाकडी.

खरी परीक्षा होते ती धाग्यात न बसणाऱ्या लाडक्या वस्तूपाशी. माझा एक तांब्याचा बंब होता, वीतभर उंचीचा, मधे निखाऱ्यांचा नळा, खाली राख पडायला जाळी, आणि तोटी अशी की फिरवली की खरंच थेंब थेंब पाणी यायचं. तो मी तीन वेळा ठेवायच्या ढिगात टाकला आणि तीन वेळा बाहेर काढला. शेवटी दिला. अशा वस्तूंसाठी एक टोपली वेगळी करा, जास्तीत जास्त पाच वस्तूंची, महिनाभर झाकून ठेवा आणि मग ठरवा. घाईत दिलं की नंतर चुटपुट लागते.

घरातून आलेल्या वस्तूंबाबत आधी भावंडांना विचारा. आजीची चूल तुमच्या कपाटात असली तरी ती तुमच्या एकटीची नसते. माझ्या धाकट्या भावाने चूल मागितली तेव्हा मलाच कळलं की तो लहानपणी त्या चुलीवर किती खेळला होता.

साफ करताना हात आवरता घ्या

देण्याआधी चकचकीत करायचा मोह होतो. पितळेला बाहेरून चिंच किंवा लिंबू-मीठ ठीक आहे, पण आत कल्हई (कथलाचा पातळ मुलामा) असेल तर तिथे काथ्या घासू नका, निघून जाते. हिरवा डाग असेल तेवढाच काढा आणि लगेच कोरडं करा, भांड्याचा जुना रंग राहू दे, जाणकार माणूस तोच बघतो. सावंतवाडीची रंगवलेली किंवा चन्नपट्टणची लाखेची खेळणी अजिबात ओली करू नका, कोरडं मऊ फडकं पुरे. आणि कुणी त्यात खरोखर भातुकली मांडून पोरांना काही करून देणार असेल तर स्पष्ट सांगा, कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेत चिंच, ताक, लिंबू काही ठेवायचं नाही, कळकतं, म्हणजे धातू उतरून पदार्थ खराब होतो.

प्रत्येक वस्तूबरोबर तिचं नाव द्या

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच लोक विसरतात. भांडं शंभर वर्षं टिकतं पण त्याचं नाव एका पिढीत जातं. कासांडी, चरवी, ओगराळं, वेळणी, रोवळी, घंगाळ, गडू, हे शब्द मला आजीकडून मिळाले. मी कार्डपेपरच्या चिठ्ठ्या कापल्या, एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला दोन ओळी की हे कशाला वापरायचे, कुठून आलं. दोऱ्याने बांधल्या, धातूला चिकटपट्टी लावू नका. दोनशे चिठ्ठ्या लिहायला आठ संध्याकाळी गेल्या आणि त्या आठ संध्याकाळी मला या छंदात गेल्या पाच वर्षांतला सगळ्यात जास्त आनंद मिळाला.

कुणाला द्यायचं

सुटं देऊ नका, मांडणी करून द्या. चूल, तवा, परात, पोळपाट-लाटणं, पळी, दोन पातेली, तांब्या, एवढं एकत्र गेलं की घेणाऱ्याला लगेच खेळता येतं. मी अशा नऊ मांडण्या केल्या. चार ओळखीच्या मुलींना, दोन बालवाडीला (तीन वर्षांखालची पोरं असतील तर बारीक झाकणं, सुट्या कड्या काढून घ्या, तोंडात जातात), बाकीच्या माझ्यासारख्याच जमवणाऱ्यांना.

वेळ साधायची असेल तर चैत्रगौर उत्तम, चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत हळदीकुंकवाला बायका येतात, आरास बघतात, आणि कुणाचे डोळे कशावर थांबतात ते आपल्याला दिसतं. त्याच बाईला घरी जाताना ती वस्तू द्या.

काही फारच जुनं आणि दुर्मिळ वाटलं तर संग्रहालयाला विचारून बघा. पुण्याच्या केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे, स्वयंपाकघरातल्या वस्तू बघताना मला नेहमी वाटतं, दिनकर केळकरांनी एवढं जन्मभर जमवलं आणि आपल्या गेलेल्या मुलाच्या नावाने सरकारच्या हवाली केलं, आपल्याला पन्नास भांडी सोडवत नाहीत.

विकायचं असेल तर विका, त्यात वाईट काही नाही, फक्त मोडीत घालू नका. मोडवाला वजनावर घेतो, आणि भातुकलीला वजन असतंच किती? एका दुकानात माझा छोटा सोऱ्या सरळ जुन्या नळाच्या तोट्यांबरोबर तराजूत गेला, मी तो तसाच उचलून परत आणला. जमवणारा माणूस वस्तूचे पैसे देतो. आणि परदेशातल्या नातेवाइकांना पाठवणार असाल तर लक्षात ठेवा, 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही.

रिकामी फळी

लगेच भरू नका. मी दोन कपाटंच देऊन टाकली, एक ठेवलं आणि त्याची काच काढून टाकली, म्हणजे येता-जाता हात जातो. चार महिन्यांत एकच वस्तू आणलीये, दगडी जातं, तळहाताएवढं. खुंटा सैल होता, सुताराकडून बाभळीचा नवीन बसवून घेतला, आता शेजारची सहा वर्षांची मुलगी रोज संध्याकाळी येऊन त्यात चिमूटभर रवा दळते.