पिस्तुलाचा परवाना आणि राज्याची वेस

डॅलसला नव्याने आलेला मराठी मुलगा महिन्या-दोन महिन्यांत हमखास विचारतो, "दादा, टेक्सासात परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं ना?" मी उलट विचारतो, "तुझा व्हिसा कुठला?"

मला हे कुणी विचारलं नव्हतं. एच-वन-बीवर असताना एक मित्र मला शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर घेऊन गेला. भाड्याचं पिस्तूल, दहा-बारा गोळ्या, आणि हौसेने आईला पाठवलेला फोटो. त्यात काय घोळ होता हे पुढे वकिलाने सांगितलं तेव्हा घाम फुटला. केंद्राच्या कायद्यानुसार एच-वन-बी, एफ-वन अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हा गुन्हा आहे, शिक्षा 15 वर्षांपर्यंत. पिस्तूल आपलं नव्हतं, घटकाभरच हातात होतं, हा बचाव होऊ शकत नाही. यात मोजके अपवाद आहेत. त्यातला एक म्हणजे शिकारीचं वैध लायसन्स. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही. माझं कार्ड आलं, मगच मी पुन्हा रेंजची पायरी चढलो.

1 सप्टेंबर 2021 पासून टेक्सासात 21 वर्षांवरच्या, कायद्याने अपात्र नसलेल्या माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. तरी मी 'लायसन्स टू कॅरी', म्हणजे पिस्तूल बाळगायचं राज्याचं लायसन्स, काढलं. वर्ग चार ते सहा तासांचा, शिवाय लेखी परीक्षा, आणि 3, 7 व 15 यार्डांवरून मिळून 50 गोळ्या. 250 पैकी 175 गुण हवेत. नेम जमतो हो. खरी झोप येते ती कायद्याच्या तासाला, आणि नेमकी तिथेच जागं राहायला हवं.

कारण शाळेचंच घ्या. केंद्राच्या कायद्याप्रमाणे शाळेच्या आवारापासून 1000 फुटांच्या आत पिस्तूल चालत नाही; त्याच राज्याचा परवाना असेल तर सूट आहे. बिनपरवान्याच्या माणसाला ती सूट नाही, आणि आमच्या उपनगरात शाळेवरून न जाता दूधसुद्धा आणता येत नाही.

मग दारावरच्या पाट्या, त्यांना नावं राज्याच्या दंडसंहितेतल्या कलमांच्या नंबरांची. 30.05 ची पाटी बिनपरवानेवाल्यासाठी, 30.06 परवानेवाल्याच्या झाकलेल्या पिस्तुलासाठी, 30.07 उघड्यावर लावलेल्यासाठी. लाल अक्षरांत 51 टक्के दिसलं तर ते दारूवर चालणारं ठिकाण. तिथून सरळ मागे फिरायचं. पोस्टाच्या आवारात तर पार्किंगमध्येसुद्धा नाही, ती जागा केंद्राची. पहिले सहा महिने मी दुकानाच्या काचेवरची सेलची जाहिरातदेखील थांबून वाचायचो, बायको वैतागायची.

हे सगळं एका राज्यातलं. दुसऱ्या राज्यात काय चालतं ते त्या राज्यानेच ठरवायचं. आपलं ड्रायव्हिंग लायसन्स सगळीकडे चालतं, त्यामुळे हा परवानाही चालत असेल असं वाटतं, पण तसं नाही. लुइझियाना टेक्सासचा परवाना मानतं. न्यू जर्सी कुठल्याच राज्याचा मानत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2022 च्या ब्रूएन निकालानंतर तिथे 'बाळगण्याची खास गरज' सिद्ध करावी लागत नाही, पण न्यू जर्सीचाच परवाना मात्र लागतो. 2013 मध्ये पेनसिल्व्हेनियाचा परवाना असलेल्या एका बाईने न्यू जर्सीत गाडी अडवल्यावर पोलिसांना आपणहून, प्रामाणिकपणे सांगितलं की जवळ पिस्तूल आहे. तिला अटक झाली. किमान साडेतीन वर्षं तुरुंगाची टांगती तलवार होती. 2015 मध्ये गव्हर्नर ख्रिस्टींनी माफी दिली तेव्हा कुठे प्रकरण मिटलं.

गेल्या दिवाळीला आम्ही गाडीने न्यू जर्सीतल्या एडिसनला मेहुण्याकडे निघालो होतो. मी म्हटलं, 1986 चा केंद्राचा कायदा आहेच की: पिस्तूल रिकामं करून कुलपात, डिकीत, गोळ्याही हाताशी नाहीत, मग वाटेतल्या राज्यांची चिंता नाही. पुन्हा नीट वाचलं. ती सवलत निघण्याच्या आणि पोचण्याच्या, दोन्ही ठिकाणी पिस्तूल बाळगायची कायदेशीर मुभा असेल तरच मिळते. एडिसनला मला ती नव्हती.

पिस्तूल तिजोरीत राहिलं. डिकीत तेवढ्या जागेत चकलीचा आणखी एक डबा बसला.