एक्सएमएल वाचणारा कोड लिहिण्यापूर्वी: एलिमेंट आणि ॲट्रिब्यूटच्या नावांच्या पडताळणीची तयारी

कोडला हात घालण्यापूर्वी दोन प्रश्न वेगळे करून ठेवावेत: एलिमेंटचे (टॅगने वेढलेल्या भागाचे) किंवा ॲट्रिब्यूटचे (टॅगमध्येच दिलेल्या गुणधर्माचे) आलेले नाव एक्सएमएलच्या, म्हणजे टॅग वापरून माहिती मांडण्याच्या पद्धतीच्या, व्याकरणात बसते का, आणि बसत असले तरी आपल्या दस्तऐवजात त्या जागी ते चालते का. पहिल्याचे उत्तर पार्सर, म्हणजे फाइल वाचून तिचे घटक वेगळे करणारा प्रोग्रॅम, देतो. दुसऱ्यासाठी कोणत्या एलिमेंटखाली कोणती एलिमेंट आणि ॲट्रिब्यूट येऊ शकतात हे सांगणारा स्कीमा, निदान कोडमधला एक तक्ता, आपल्यालाच तयार करावा लागतो. अनोळखी नाव आल्यास फाइल नाकारायची की तेवढा भाग सोडून पुढे जायचे, हेही आधीच ठरलेले असावे.

व्याकरणाचे नियम थोडके आहेत. नावाची सुरुवात अक्षराने, अंडरस्कोरने किंवा कोलनने होते. अंक, हायफन आणि टिंब पुढे चालतात, आरंभी नाही. स्पेस कुठेच चालत नाही. लहान आणि मोठ्या लिपीतील अक्षरे (a आणि A) वेगळी धरली जातात. मात्र आपला पार्सर कोणती आवृत्ती पाळतो हे अवश्य तपासावे, कारण १९९८ च्या एक्सएमएल १.० मधील अक्षरांची काटेकोर यादी २००८ च्या पाचव्या आवृत्तीत बरीच सैल झाली. देवनागरी नावात झिरो विड्थ जॉइनर (अक्षरे जोडणारे, न दिसणारे चिन्ह) आला, तर नवे नियम पाळणारा पार्सर ते स्वीकारतो आणि जुने पाळणारा तीच फाइल नाकारतो. पार्सर असताना स्वतःचे रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुराचा नमुना जुळवणारे सूत्र) लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे: ‘शब्दातील कोणतेही अक्षर’ असा सोपा नमुना आरंभीचा अंक चालवून घेतो आणि वैध हायफन अडवतो.

सर्वाधिक वेळ नेमस्पेससाठी, म्हणजे वेगवेगळ्या स्रोतांतली सारखी नावे वेगळी ठेवणाऱ्या व्यवस्थेसाठी, राखून ठेवावा. प्रीफिक्स (नावाआधी कोलनने जोडलेला भाग) हे लिहिणाऱ्याने सोयीने निवडलेले टोपणनाव असते, म्हणून तुलना नेहमी नेमस्पेसचा यूआरआय (त्याची ओळख सांगणारा, वेबपत्त्यासारखा मजकूर) आणि स्थानिक नाव (कोलननंतरचे नाव) या जोडीची करावी. डीफॉल्ट (प्रीफिक्सशिवाय जाहीर केलेला) नेमस्पेस प्रीफिक्स नसलेल्या एलिमेंटला लागू होतो, पण तशा ॲट्रिब्यूटला होत नाही. हे विसरल्यामुळे योग्य ॲट्रिब्यूटही कोडला ‘सापडत नाही’. एकाच यूआरआयला बांधलेले दोन प्रीफिक्स वापरून तेच स्थानिक नाव एका टॅगमध्ये दोनदा दिले, तर तीही चूकच ठरते.

आपला कोड एक्सएमएल लिहीतही असेल, तर तपासणी लिहिण्याच्या बाजूलाही हवी. पायथॉनमधील एक्सएमएल हाताळणारे एलिमेंटट्री हे मॉड्यूल स्पेस असलेले टॅगचे नाव निमूटपणे फाइलमध्ये उतरवते आणि मग ती फाइल त्यालाच वाचता येत नाही. जावाच्या डॉममध्ये (दस्तऐवज झाडाच्या रूपात हाताळण्याच्या सोयीत) मात्र अवैध नावाचे एलिमेंट तयार करतानाच अपवाद (एक्सेप्शन) फेकला जातो. म्हणून चाचणीसाठी अंकाने सुरू होणारे, रिकामे, दोन कोलन असलेले, न बांधलेल्या प्रीफिक्सचे आणि केवळ लहान-मोठ्या लिपीत फरक असलेले, असे प्रत्येकी एक नाव पहिल्याच दिवशी तयार ठेवावे.