खान्देशात बेंझिनचे नमुने काढताय? आधी ॲसिड तपासा

पर्जिंग (नमुन्याआधी बोअरमधलं साचलेलं पाणी उपसणं), बेलर (पाणी काढायची नळीसारखी बादली), चेन ऑफ कस्टडी (नमुना कोणाच्या हातातून गेला याची नोंद) हे तुम्हाला येत असेलच. पेट्रोल-डिझेल झिरपलेल्या जागेवर जळगाव-धुळ्याकडे भूजलाचे नमुने काढायला येणार असाल, तर मी एकच गोष्ट घोकून घ्यायला सांगेन. तिने मला पहिल्या उन्हाळ्यात फार छळलंय.

बेंझिन म्हणजे पेट्रोलमधला, पटकन उडून जाणारा विषारी घटक. त्यासाठी ४० मिलीच्या व्हायल, म्हणजे काचेच्या छोट्या बाटल्या येतात. आत हायड्रोक्लोरिक ॲसिडचे थेंब असतात. पीएच २ च्या खाली गेला की जिवाणू बेंझिन खात नाहीत आणि नमुना १४ दिवस टिकतो. पण तापीकाठच्या गाळात चुनखडी, पाणी जड. त्यातलं बायकार्बोनेट ॲसिडला लागलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. तुम्ही व्हायल काठोकाठ भरता, झाकण आवळता, उलटी करून टिचकी मारता. एकही बुडबुडा नाही. थोड्या वेळाने आइसबॉक्स उघडा, तर वर वाटाण्याएवढा बुडबुडा! पाण्यातलं बेंझिन त्या हवेत जातं आणि रिपोर्टात आकडा कमी येतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. मर्यादेच्या जरा वर असलेली विहीर अशाने कागदावर चांगली ठरते, आणि शेजारच्या मळ्यातली माणसं तेच पाणी पीत राहतात.

म्हणून प्रत्येक बोअरवर आधी एक जादा व्हायल भरून बघा. फेस आला तर बिनॲसिडच्या व्हायल वापरा, तसं कागदावर लिहा आणि ७ दिवसांच्या आत तपासणी होईल असं लॅबशी आधीच बोलून ठेवा. ॲसिडची व्हायल विसळून वापरायची नाही, म्हणजे नाही.

घाईघाईने बेलर आपटत पाणी उपसणाऱ्यांचं मला मुळीच पटत नाही. पंपाने मिनिटाला १०० ते ५०० मिली उपसा, पातळी फार न उतरवता, पीएच आणि कंडक्टिव्हिटी (पाण्याची वीजवाहकता) स्थिर होईपर्यंत थांबा. वेळ लागतो, लागू द्या. गाडीत बसून सूचना देणाऱ्या साहेबापेक्षा पंप लावणारे दादा जास्त शिकवतात. जनरेटरचा धूर नमुन्याकडे येऊ नये म्हणून तो वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवायचा, हे मला त्यांनीच दाखवलं.

हात सुरुवातीला थरथरतात, घाबरू नका, आठवड्याभरात बसतात. मात्र मे महिन्यात पाण्यावर दिसलेला तेलाचा थर पावसाळ्यानंतर दिसला नाही, तर ‘जागा साफ’ लिहू नका. पातळी वर चढली की तेल मातीत अडकून पाण्याखाली जातं. पुढच्या उन्हाळ्यात इंटरफेस प्रोब (तेल आणि पाण्याची पातळी वेगवेगळी दाखवणारं उपकरण) घेऊन पुन्हा मोजा.