मार्शल आर्ट्सच्या हॉलीवूड रीमेकवर वाद कसा घालावा

'गोऱ्या नटाला का घेतलं?' इथून सुरू झालेला वाद दहाव्या मिनिटाला हमखास 'मग कराटे किडमध्ये कृष्णवर्णीय जेडन स्मिथला घेतलं तेव्हा का गप्प होता?' इथे येऊन अडकतो. पुढे नवीन कोणी काही बोलत नाही, फक्त आवाज चढतो. याचं कारण म्हणजे तीन वेगळे प्रश्न एकाच पोत्यात कोंबलेले असतात: रीमेक करायचाच कशाला, भूमिका मुळात कोणाची होती, आणि काम कोणाला मिळालं. आधी हे तीन सुटे करायचे.

आधी वंशावळ

चित्रपटाचं नाव निघालं की मत देण्याआधी कागदावर चार ओळी लिहा. एक, मूळ कृती कोणती, कुठली, कोणत्या सालची. दोन, नवी आवृत्ती तिच्यातून थेट आली की मधे आणखी काही आहे. तीन, कथा मूळ जागीच घडते की दुसरीकडे हलवली. चार, ज्या भूमिकेवरून वाद आहे तिचा वंश कथेत सांगितला आहे का, आणि असल्यास कोणत्या दृश्यात. पाच मिनिटांचं काम आहे, पण निम्मे वाद इथेच मिटतात.

'आयर्न फिस्ट' घ्या. २०१७ची ही मालिका कॉमिक्सवरून आली आणि कॉमिक्समधला नायक डॅनी रँड १९७४पासून गोराच आहे. 'आशियाई भूमिका पळवली' हा आरोप तिथे लागू होत नाही. लागू होतो तो वेगळा, आणि जास्त बोचरा: सत्तरच्या दशकातली 'गोरा येतो आणि स्थानिकांची कला स्थानिकांपेक्षा सरस शिकतो' ही कल्पना २०१७ मध्ये जशीच्या तशी का उचलली? चुकीचा आरोप धरून बसलात तर हा हातचा जातो.

'द लास्ट एअरबेंडर'ला (२०१०) आशियाई चित्रपटाचा रीमेक म्हणणारा असाच तोंडघशी पडतो, कारण मूळ कार्टून मालिका अमेरिकन आहे. पण चौथी ओळ भरताना चित्र पालटतं. त्या जगातले कपडे, लिपी, वास्तू आशियाई किंवा इन्युइट (आर्क्टिकमधले मूळ रहिवासी) धाटणीच्या आहेत आणि चारही तत्त्वांच्या लढण्याच्या पद्धती चिनी मार्शल आर्ट्सवर बेतलेल्या आहेत: पाण्याला ताई ची, हवेला बाग्वा, जमिनीला हुंग गार, आगीला उत्तर शाओलिन. चित्रपटात तिन्ही नायक-नायिका गोरे झाले आणि शत्रुराष्ट्राचा राजपुत्र झाला देव पटेल. कास्टिंगच्या जाहिरातीत 'कॉकेशियन (म्हणजे गोरा) किंवा इतर कोणताही वंश' अशी शब्दरचना होती. वादात हा कागद दहा भाषणांपेक्षा जड भरतो.

'ओल्डबॉय'च्या २०१३च्या रीमेकवर बोलताना लक्षात ठेवा की २००३चा कोरियन चित्रपटही जपानी मांगावरून, म्हणजे चित्रकथेवरून, आला होता. आणि 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' (१९६४) हॉलीवूडचा नव्हे, नायक अमेरिकन असलेला इटालियन चित्रपट. जपानी दिग्दर्शक कुरोसावांच्या 'योजिम्बो'वरून परवानगी न घेता केलेला. प्रकरण कोर्टात गेलं आणि तडजोड झाली. तो हक्कांचा वाद आहे, कास्टिंगचा नाही. बाजूला ठेवा.

भूमिकेचं काय केलं ते नेमकं सांगा

'व्हाइटवॉशिंग', म्हणजे दुसऱ्या वंशाची भूमिका गोऱ्याच्या पदरात टाकणं, हा शब्द सगळ्यालाच चिकटवला की तो बोथट होतो. निदान चार गोष्टी वेगळ्या धरा.

मेकअप करून गोऱ्याला आशियाई बनवणं म्हणजे यलोफेस. 'रेमो विल्यम्स'मध्ये (१९८५) कोरियन गुरू च्यूनच्या भूमिकेत जोएल ग्रे होता आणि त्या मेकअपला ऑस्करचं नामांकनही मिळालं. दुसरं म्हणजे भूमिका आशियाई ठेवून नट गोरा घेणं. 'कुंग फू' मालिकेतला (१९७२ ते १९७५) केन आईकडून चिनी, वडिलांकडून अमेरिकन, आणि नट डेव्हिड कॅराडाइन. 'अर्धा गोराच होता ना' हे उत्तर येईल. उरलेला अर्धा कुठे दिसतो, असं विचारा. या भूमिकेसाठी ब्रूस लीचा विचार झाला होता हे सांगायला हरकत नाही. मालिकेची कल्पनाच त्याच्याकडून चोरली, हा दावा मात्र वादग्रस्त आहे. तो वस्तुस्थिती म्हणून मांडलात तर समोरचा त्याच एका धाग्याने अख्खा मुद्दा उसवेल.

तिसरं, भूमिकेचं मूळच बदलणं. झातोइची या आंधळ्या तलवारबाजावरच्या जपानी चित्रपटमालिकेतल्या १९६७च्या एका चित्रपटावरून १९८९ मध्ये 'ब्लाइंड फ्युरी' आला. त्यातला आंधळा तलवारबाज व्हिएतनाममध्ये दृष्टी गेलेला अमेरिकन सैनिक आहे. इथे कोणाची भूमिका कोणी घेतली नाही, नवी रचली. हा प्रकार मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो, जरी त्याला तलवार शिकवणारे गावकरी सुरुवातीची काही मिनिटं दिसून गायब होत असले तरी.

चौथा प्रकार लबाड. जपानी मूळ कृतीवरून केलेल्या २०१७च्या 'घोस्ट इन द शेल'मध्ये स्कार्लेट जोहान्सनचं पात्र शेवटी मोतोको कुसानागी नावाची जपानी मुलगी निघतं. मेंदू तिचा, शरीर नवं. म्हणजे बदल कथेतच बसवून टाकला. यावर 'मग तर तक्रारच नको' असंही म्हणता येतं आणि 'जपानी शरीर टाकून गोरं का बनवलं, ते कथा कुठे विचारते?' असंही. दुसरा प्रश्न जास्त वजनदार आहे.

जपानी 'सेव्हन सामुराई'वरून केलेला 'द मॅग्निफिसंट सेव्हन' (१९६०) 'स्वच्छ' रीमेकचं उदाहरण म्हणून नेहमी पुढे केला जातो: सामुराई काढले, काउबॉय आणले, भांडण संपलं. पण कथा मेक्सिकन गावात नेली आणि चिको हा मेक्सिकन तरुण केला जर्मन नट होर्स्ट बुखोल्झने, तर दरोडेखोर काल्वेरा न्यूयॉर्कच्या एली वॉलॅकने. जपानी भूमिकांचा प्रश्न सुटला, मेक्सिकन भूमिकांचा उभा राहिला. जागा बदलली की चौथी ओळ नव्याने भरावी लागते.

दृश्यं समोरासमोर ठेवा

नुसत्या नावांवर वाद घालू नका, एकाच कामाची दोन दृश्यं दाखवा. 'कराटे किड'ची १९८४ आणि २०१०ची आवृत्ती यासाठी उत्तम.

१९८४ मध्ये नायक डॅनियल रात्री आपल्या जपानी वंशाच्या गुरूच्या, मियागीच्या, घरी येतो तर मियागी लष्करी गणवेशात, प्यायलेला. लग्नाचा वाढदिवस आहे. कागद सापडतात: बायको आणि बाळ मँझनारच्या छावणीत बाळंतपणात गेले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या लोकांना डांबलं ती ही छावणी, आणि तेव्हा मियागी त्याच अमेरिकेसाठी लढत होता. पेटीत पदक आहे. मियागी साकारणारा पॅट मोरिता स्वतः लहानपणी अशा छावणीत राहिला होता.

२०१० मध्ये याच जागी जॅकी चॅनचा मिस्टर हान आहे. अपघातात बायको-मुलगा गेले, ती मोडकी गाडी तो दरवर्षी दुरुस्त करतो आणि दरवर्षी स्वतःच फोडतो. दृश्य प्रभावी आहे, चॅनने क्वचितच इतकं चांगलं काम केलंय. पण दुःख खासगी झालं. मियागीचं दुःख त्याच्या वंशावाचून घडूच शकत नाही. हानचं जगात कोणाचंही असू शकतं.

आता जेडन स्मिथचा प्रश्न घ्या. नायक इटालियन-अमेरिकनऐवजी कृष्णवर्णीय झाला, यात कोणत्याही आशियाई नटाची भूमिका गेली नाही. कुंग फू आणि कृष्णवर्णीय प्रेक्षक-नट यांचं नातंही जुनं आहे. १९७३च्या 'एंटर द ड्रॅगन'मध्ये जिम केली आहेच. खरा बदल जागेचा आहे. आधी परका म्हातारा लॉस एंजलिसमध्ये अमेरिकन मुलाला शिकवत होता आणि खलनायक कोब्रा काई या कराटे शाळेची गोरी पोरं होती. आता अमेरिकन मुलगा बीजिंगला जाऊन चिनी पोरांना त्यांच्याच कलेत हरवतो. शिवाय कला कुंग फू आणि नाव कराटे. चीनमध्ये तो 'कुंग फू ड्रीम' या अर्थाच्या नावाने लागला, ते उगाच नव्हे. जेडनच्या रंगावर बोलणारे हा मुद्दा हमखास चुकवतात.

लढाई मोजा

'ज्याला कला येते त्यालाच घ्या' या मुद्द्यासाठी पुरावा पडद्यावरच असतो. एका मारामारीची सलग ६० सेकंदं निवडा, आवाज बंद करा, वेग निम्मा करा. प्रत्येक कटला कागदावर एक रेघ. रेघांत एक मिळवा आणि त्या आकड्याने ६० ला भागा, ती एका शॉटची सरासरी लांबी. त्याच बरोबर किती फटक्यांत नटाचा चेहरा आणि फटका एकाच चौकटीत दिसतो तेही टिपा. चेहरा नसेल तर तिथे बहुधा डबल, म्हणजे नटाऐवजी लढणारा, आहे.

मोजणी दोघांनी वेगवेगळी करा. दोनपेक्षा जास्त फरक पडला तर पुन्हा मोजा. कॅमेरा झपकन फिरतो तिथे कट लपवलेले असतात आणि तिथेच आकडे फसतात. शिवाय त्याच चित्रपटातली, तो नट नसलेली एक मारामारीही मोजा. तिथेही शॉट तितकेच तोकडे असतील तर दोष दिग्दर्शकाच्या सवयीचा, नटाचा नाही.

हा मुद्दा दुधारी आहे. मोरिताला कराटे येत नव्हतं, त्याच्या मारामाऱ्या फुमिओ देमुराने केल्या. उलट 'एअरबेंडर'चा नोआ रिंगर तायक्वांदो शिकलेला होता. कौशल्य आणि वंश हे दोन रकाने एकमेकांत मिसळू नका.

ठरलेले युक्तिवाद

'जपानी लोकांची तर तक्रार नव्हती.' १९९५च्या 'घोस्ट इन द शेल'चे दिग्दर्शक मामोरू ओशी यांनीही जोहान्सनच्या निवडीला हरकत घेतली नव्हती. खरं आहे. पण जपानमध्ये जपानी नटाला काम मिळतंच. अमेरिकेतल्या जपानी वंशाच्या नटाला मिळतं का, हा प्रश्न आहे. झळ कोणाला बसते ते आधी ठरवा, मग साक्षीदार बोलवा.

'स्टार असल्याशिवाय पैसा येत नाही.' आकडे मागा, दोन्ही बाजूंचे. 'घोस्ट इन द शेल'चा खर्च सुमारे ११ कोटी डॉलर, जगभरची कमाई १७ कोटींच्या आसपास. तिकिटाच्या पैशातला साधारण अर्धा भाग चित्रपटगृहांकडे जातो, म्हणजे हा तोटाच. पण 'एअरबेंडर' १५ कोटींत होऊन जवळपास ३२ कोटींवर गेला. तेव्हा 'व्हाइटवॉशिंग केलं की पडतो' हेही सिद्ध होत नाही. २०२०च्या, चिनी कथेवरच्या 'मुलान'चा गल्ला तर कोणीच वापरू नये, महामारीमुळे अमेरिकेत तो थेट स्ट्रीमिंगवर गेला. कास्टिंगच्या दृष्टीने मात्र तो कामाचा आहे: पडद्यावरचे चेहरे आशियाई, पण दिग्दर्शन आणि पटकथा गोऱ्या लोकांची. फक्त चेहऱ्यावर वाद लढणाऱ्याची इथे पंचाईत होते.

प्रत्यक्ष चर्चा

विषय असा लिहा की 'नाही' म्हणणाऱ्यालाही उभं राहता येईल. 'हॉलीवूड वंशवादी आहे का?' वर काहीच होत नाही. 'कथा मूळ देशातच ठेवली असेल तर मुख्य भूमिका त्याच वंशाच्या नटाला द्यावी' यावर होतं.

दोन-दोन वक्ते, प्रत्येकी ५ मिनिटं. पहिल्या वक्त्यांना ३ मिनिटं उलटतपासणी. शेवटी दोन्ही बाजूंना ३ मिनिटं. ही ३२ झाली. ९० सेकंदांच्या चार क्लिप धरल्या तरी चाळिशीच्या आत आटपतं. घड्याळ न बोलणाऱ्याच्या हातात द्या. हात वर करून मत आधी आणि नंतर घ्या, पण सुरुवातीचे तिन्ही प्रश्न वेगवेगळे विचारा. लोक बहुधा एकाच प्रश्नावर सरकतात, आणि तो कोणता ते एकत्र मतदानात कळत नाही.

सरावाला 'मॉर्टल कॉम्बॅट'ची जोडी घ्या. रेडन १९९५ मध्ये क्रिस्टोफर लँबर्ट होता, २०२१ मध्ये तादानोबू असानो. मूळ कृती व्हिडिओ गेम, नाव जपानी वज्रदेवतेचं. पहिल्या पाच मिनिटांत कोणीतरी 'देवाला कुठला आलाय वंश?' म्हणणारच. चौथ्या ओळीत काय लिहायचं ते त्याआधी ठरवून ठेवा.