सेंट्रल लाइन काढताना या चुका टाळा

सेंट्रल लाइन (मान किंवा छातीजवळच्या मोठ्या शिरेत घातलेली नळी) घालताना पेशंटभोवती चार जण उभे असतात. काढायची वेळ आली की एकटा ज्युनिअर डॉक्टर येतो, तोही घाईत. मी पाहिलेले एअर एम्बोलिझम (शिरेत हवा शिरून रक्तप्रवाह अडणं) बहुतेक काढतानाच झाले.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे पेशंटला बसवून लाइन काढणं. बसल्यावर छातीजवळच्या मोठ्या शिरेतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, श्वास घेताना आणखी उतरतो. मग भोकातून हवाच आत ओढली जाते. दाबातला फरक 5 सेंमी पाण्याएवढा असला तरी 14 गेजच्या जाड सुईतून सेकंदाला सुमारे 100 मिली हवा जाऊ शकते, आणि 200 ते 300 मिली जीव घ्यायला पुरते.

एकदा वॉर्डात हलवायचं म्हणून एक आजोबा खुर्चीत तयार बसले होते. ज्युनिअरने तिथेच टाके कापले, लाइन ओढली आणि साधा गॉझ चिकटवला. आजोबा खोकले, मोठा श्वास घेतला आणि काळेनिळे पडले. मी धावत जाऊन भोकावर बोट दाबलं. डाव्या कुशीवर, डोकं खाली, 100 टक्के ऑक्सिजन. आजोबा वाचले, पण उजवा हात दोन दिवस हलला नाही. साधारण चारातल्या एका प्रौढाच्या हृदयाच्या पडद्यात जन्मापासूनची फट राहिलेली असते. तिथून हवा थेट मेंदूकडे जाते. ‘दोन मिनिटांचं काम’ म्हणणाऱ्यांचा मला तेव्हापासून राग येतो.

गॉझने हवा अडत नाही. लाइन बरेच दिवस राहिली असेल तर मार्ग लगेच मिटत नाही. मी मलम लावलेला गॉझ ठेवून वर हवाबंद पारदर्शक ड्रेसिंग लावते, किमान 24 तास. त्याआधी पाच मिनिटं दाब, घड्याळ बघून. नंतर अर्धा तास आडवंच ठेवते.

‘श्वास रोखा’ एवढंच सांगू नका, लोक आधी मोठा श्वास आत घेतात. श्वास सोडायला लावा आणि तेव्हाच ओढा.

क्लॅम्प (नळी दाबून बंद करणारा चिमटा) न लावता लाइनची कॅप उघडू नका. जोड लुअर लॉकचेच (फिरवून घट्ट बसणारे) हवेत.

जुलाब-उलट्यांनी सुकलेल्या पेशंटच्या शिरेत दाब आधीच कमी असतो. तिथे दुप्पट जपा.

लाइन आत असतानाच हवा गेली, तर ती घाबरून उपसू नका. क्लॅम्प करा, कुशीवर वळवा आणि त्याच लाइनमधून सिरिंजने हवा ओढून बघा.